जेवणाचे पान आणि वर्तमानपत्राचे पान

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 समितीने आम्हाला विषय दिला आहे, पत्रकारांसोबत भोजन आणि राजकीय चर्चा. विषय ऐकून काही जणांना हसू आले असेल. जेवणावर काय भाषण करायचे? पण बंधू-भगिनींनो, या देशात कोण कोणासोबत जेवतो हा प्रश्न कधीच साधा नव्हता. निवडणूक आली की आपल्या गोंदियाच्या वस्त्यांमध्ये पत्रकार येतात, कॅमेरेवाले येतात, चटईवर बसून आपला भात-वरण खातात आणि विचारतात, यंदा हवा कोणाची? म्हणून या गोष्टीचा विचार आपण नीट केला पाहिजे असे समितीला वाटले, आणि ते योग्यच आहे.

आपल्या मराठीत एक शब्द मोठा मजेचा आहे. 'पान'. पंगतीत पान वाढतात तेही पान आणि वर्तमानपत्राचे असते तेही पान. आपल्या माणसाला ही दोन्ही पाने फार उशिरा मिळाली. त्यात जेवणाचे पान आधी मिळाले आणि छापील पान त्याच्याही नंतर. आमचे आजचे सगळे बोलणे या दोन पानांबद्दल आहे.

छापील पानापासून सुरुवात करू. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. नवे पत्र निघते तेव्हा त्याची जाहिरात दुसऱ्या पत्रांतून करतात, ही रीत आहे. 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'कडे पाठविली, तीही फुकट नाही, पैसे देऊन. ती छापली गेली नाही. बाबासाहेबांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये ही गोष्ट स्वतः नमूद करून ठेवली आहे. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. म्हणजे विहिरीवर पाणी नाही, देवळात पाय नाही, आणि रोख पैसे मोजूनही छापील पानावर चार ओळींची जागा नाही!

आता आठ वर्षे पुढे चला. पुण्याचा गायकवाड वाडा. टिळकांचे घर हेच आणि 'केसरी'ही याच वाड्यातला. ८ एप्रिल १९२८ रोजी लोकमान्यांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी या वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली आणि स्पृश्य-अस्पृश्यांचे सहभोजन घडवून आणले. समाज समता संघ हा बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईत स्थापन केलेला. या कार्यक्रमाला बाबासाहेब स्वतः आले होते. ज्या वाड्यातून आठ वर्षांपूर्वी जाहिरातीला नकार आला, त्याच वाड्यात आपल्या लोकांची पंगत बसली. 'केसरी'च्या विश्वस्तांचा याला कडाडून विरोध होता. श्रीधरपंतांचे त्यांच्याशी आधीपासूनच वाद चालले होते. पुढे दीड-दोन महिनेही झाले नाहीत, २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी रेल्वेखाली देह टाकला. जाण्यापूर्वी त्यांनी बाबासाहेबांना पत्र लिहिले होते. या तरुण मित्राच्या जाण्याचे बाबासाहेबांना फार दुःख झाले.

ही हकीकत आम्ही का सांगितली? पंगतीला बसणारा माणूस खरा असला तरी छापखान्याची किल्ली त्याच्या हातात असेलच असे नाही. वाडा तोच, पण अंगणातली पंगत वेगळी आणि आतल्या खोलीतला अग्रलेख वेगळा. ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे बरं का!

मग असा कोणी पत्रकार झालाच नाही काय, ज्याने आपल्यासोबत भाकर खाल्ली आणि आपली बाजूही मांडली? झाला. अनंत हरी गद्रे यांचे नाव आजच्या मुलांना ठाऊक नाही. मूळचे कोकणातले, ब्राह्मण घरातले. आधी दुसऱ्यांच्या पत्रात बातमीदारी केली, पुढे 'निर्भीड' नावाचे साप्ताहिक चालविले, नाटके लिहिली. जाहिरात लिहिण्यात त्यांचा हात इतका सराईत की लोक त्यांना 'जाहिरात जनार्दन' म्हणत. या गद्र्यांनी झुणका-भाकर सत्यनारायणाची मोहीम काढली. पूजेला अस्पृश्य जोडपे बसवायचे आणि प्रसाद म्हणून सर्व जातींच्या लोकांनी एकत्र बसून झुणका-भाकर खायची. आपल्याकडे ज्याला बेसन-भाकर म्हणतात तेच हे. शिऱ्याला तूप-साखर लागते, बेसन-भाकर गरिबाच्याही घरी होते, म्हणून हे साधे जेवण. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'समतानंद' ही पदवी दिली.

आता आपण बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. सत्यनारायण आपला नाही आणि आपण तो करणार नाही. पण ज्या काळात सावली पडली तरी विटाळ होत होता, त्या काळात एक नावाजलेला संपादक गावोगाव पंगती बसवितो आणि त्याबद्दल टीका सोसतो, याची नोंद आपण कृतज्ञतेने घेतली पाहिजे. पूजा त्यांची त्यांच्यापाशी राहू द्या. भाकरीचा मान आपण ठेवू.

आणि तरीही बाबासाहेबांनी आपल्याला सावध केले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण तयार केले आणि मंडळाने जे होऊ दिले नाही, त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की केवळ सहभोजनाने जात मरत नाही. एकत्र जेवूनही मनातली जात शाबूत राहते. आंतरजातीय विवाह हा त्यावरचा खरा उपाय, आणि त्याच्याही मुळाशी जायचे तर ज्या शास्त्रांवर लोकांची श्रद्धा आहे त्या शास्त्रांचे प्रामाण्यच गेले पाहिजे. ज्यांनी स्वतः सहभोजनात भाग घेतला त्यांनीच हे सांगितले. तेव्हा कोणी आपल्या घरी जेवून गेला एवढ्यावर पाघळून जायचे कारण नाही. आणि जेवायला आलेल्याला हाकलायचेही कारण नाही.

छापील पान कसे उघडते, याचीही उदाहरणे आहेत. आचार्य अत्रे हे त्यांपैकी एक. बाबासाहेबांशी त्यांचा स्नेह होता. १९४७ च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांनी 'नवयुग'चा आंबेडकर विशेषांक काढला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप देताना लाखोंच्या जनसागरासमोर अत्र्यांनी भाषण केले. त्यांचे दैनिक 'मराठा' तेव्हा अवघे तीन आठवड्यांचे होते, आणि त्यातून त्यांनी बाबासाहेबांवर भरभरून लिहिले. दुसरे उदाहरण 'साधना'चे. साने गुरुजींनी काढलेले हे साप्ताहिक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, अनिल अवचट यांनी संपादित केलेल्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापला गेला. महाराष्ट्रभर वादळ उठले, साधना कचेरीवर मोर्चा गेला. पण लेख ढाल्यांच्या शब्दांत छापला गेला होता. दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने लिहिलेला नव्हता. आम्हाला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती हीच.

आता दुखणारी गोष्ट सांगतो. २९ सप्टेंबर २००६. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावच्या जमावाने हत्या केली. इथून किती दूर आहे ते गाव? सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पोहोचतो. पण ही बातमी राज्यातल्या मोठ्या पत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचायला किती दिवस लागले, ते आठवा. सुरुवातीला बारीकशा बातम्या आल्या, त्याही अर्धवट. आठवडे गेले. आपल्या कार्यकर्त्यांनी सत्यशोधन केले, पत्रके काढली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे देशभरच्या पत्रांना आणि वाहिन्यांना खैरलांजी दिसली. विदर्भात आपल्यासोबत चहा घेणारे पत्रकार तेव्हा थोडे नव्हते. चहा होत होता, ओळखी होत्या. तरी पान उघडायला इतके दिवस लागले. म्हणून आम्ही म्हणतो, ओळख ही बातमी नव्हे.

आमच्या स्वतःच्या अनुभवातली एक संध्याकाळही इथे सांगतो. काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत एक नावाजलेले पत्रकार आमच्या वस्तीत जेवायला आले. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. माणूस चांगला होता. पायातले काढून, हात धुऊन सगळ्यांसोबत सतरंजीवर बसला. भात, वरण, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि ठेचा असा बेत होता. त्यांनी दोनदा भात मागून घेतला. आम्हाला बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

जेवता जेवता राजकारण निघाले. त्यांनी विचारले, १९५४ साली खुद्द बाबासाहेब तुमच्या भंडारा मतदारसंघात कसे काय पडले? आमच्यातले एक वयस्क काका घास थांबवून बोलू लागले. म्हणाले, साहेब, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते आणि जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी मागे राहिले. आमची जुनी माणसे सांगत, कार्यकर्त्यांचा आग्रह होता की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे मत कुजवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला फायदा होणार नाही. बाबासाहेबांना ते पटले नाही. ज्यांनी राज्यघटना लिहिली त्यांनीच लोकांना मत वाया घालवा म्हणून कसे सांगायचे? हरलो तरी चालेल, पण हे सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका. काका एवढे बोलून म्हणाले, "म्हणून आमचा पराजय बी आम्ही सांगतो साहेब, लपवत नाही." पंगतीत क्षणभर सगळे गप्प झाले.

मग वाढायला उभ्या असलेल्या एका बाईंनी, ज्यांनी हयातभर बिड्या वळल्या, सरळ विचारले, "पोटभर जेवा जी भाऊ. पण आमचं काय छापसान ते बी सांगा." आणि त्यांनी नातीची गोष्ट सांगितली. पोरगी कॉलेजात होती, शिष्यवृत्तीचे पैसे दोन वर्षे अडकले होते, कॉलेजवाले फीसाठी तगादा लावत होते. वस्तीत अशी आणखी सहा-सात मुले होती. पत्रकारांनी वहीत टिपून घेतले.

लेख आला. चांगला लांबलचक होता. वड्यांची चव होती, सतरंजी होती, वस्तीतल्या माणसांचा साधेपणा होता, आणि "या समाजात राजकीय जागृती मोठी आहे" असे एक वाक्य होते. शिष्यवृत्ती नव्हती. काकांनी सांगितलेली १९५४ ची गोष्टही नव्हती. वस्तीतली काही मंडळी चिडली. कोणी म्हणाले, पुढच्या वेळी पाणीसुद्धा विचारू नका. पण महिला मंडळाने वेगळा विचार केला. त्यांनी विहारात बसून पत्र लिहिले. कोणाची किती रक्कम, कोणत्या वर्षाची, अर्ज कधी भरला, कार्यालयात किती खेटे झाले, सगळे क्रमाने. खाली चौदा घरांच्या सह्या. ते पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात तिसऱ्या आठवड्यात छापून आले, थोडे कापून, पण आकड्यांसकट. पैसे त्या पत्रामुळेच आले असा दावा आम्ही करणार नाही. एवढे मात्र खरे की ती मुलगी कात्रण घेऊन कार्यालयात गेली, तेव्हा तिला पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली आणि तिचा अर्ज टेबलावर काढून दाखविला गेला.

मित्रांनो, बुद्धाच्या धम्मात भोजनाची एक सुंदर रीत आहे. भिक्षू दारोदार भिक्षेला जातात, घर कोणत्या जातीचे ते विचारत नाहीत. वैशालीच्या आम्रपालीने तथागतांना भोजनाचे आमंत्रण दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. लिच्छवी राजपुत्र मागून आले. त्यांनी आम्रपालीला लाखाची लालूच दाखविली, हे भोजन आम्हाला दे म्हणून. तिने दिले नाही, आणि तथागतांनीही दिलेला शब्द मोडला नाही. गणिकेच्या घरचे अन्न त्यांनी राजपुत्रांच्या मेजवानीपेक्षा कमी मानले नाही. आणि भोजन झाल्यावर काय होते? अनुमोदन होते. भन्तेजी आपल्या घरी भोजनदानाला येतात, तेव्हा जेवणानंतर धम्माचे चार शब्द सांगतात, हे आपण नेहमी पाहतो. अन्न ज्याने खाल्ले त्याने सत्य बोलायचे आणि ऐकणाऱ्याचे कल्याण होईल असे बोलायचे, ही ती रीत.

पत्रकार भिक्षू नव्हे, हे आम्हाला कळते. त्याच्यावर मालक आहे, जाहिरातदार आहे, वेळेचे बंधन आहे. आपण वाढलेले अन्न हे दान आहे, कर्ज नाही. त्याची वसुली करायची नसते. आमचे मीठ खाल्ले म्हणून आमची स्तुती छापा, असे कोणी म्हणू नये. ते लाच दिल्यासारखे होईल. पण ज्याने आपल्या घरी बसून आपले बोलणे ऐकले, त्याने ते खरे आणि पुरे लिहावे एवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे. सम्यक वाचा म्हणजे तरी दुसरे काय? आणि तीच सम्यक वाचा आपल्यालाही लागू आहे. आपण त्याला फुगवून सांगायचे नाही, दडवूनही सांगायचे नाही. आमच्या काकांनी जसा पराजय सांगितला तसे सांगायचे.

हे बाबासाहेबांनी स्वतः करून दाखविले आहे. धम्मदीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या श्याम हॉटेलात ते पत्रकारांना भेटले. प्रकृती खालावलेली, दुसऱ्या दिवशी एवढा मोठा सोहळा. तरी प्रश्नांना उत्तरे दिली. धर्मांतर का करता असे विचारल्यावर त्यांना राग आला आणि त्यांनी उलट बजावले की हा प्रश्न तुम्ही स्वतःला आणि आपल्या पूर्वजांना विचारा. हीनयान-महायानाच्या वादात न पडता बुद्धाने सांगितलेलाच धम्म आपण घेणार, हेही सांगितले. पत्रकारांना टाळले नाही आणि त्यांच्या मर्जीखातर मवाळही बोलले नाहीत. आपल्यासाठी यापेक्षा मोठा धडा कोणता?

आणि ते नुसते दुसऱ्यांच्या पत्रांवर विसंबून राहिले नाहीत. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता', आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत'. पैसा नसताना, अंक तोट्यात जात असताना पत्रे काढली. आपल्या विदर्भात नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी बाबासाहेबांच्याही आधी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक' यांसारखी पत्रे चालविली. स्वतःचे पान असावे ही आपली परंपरा आहे. आज तुम्ही हातात घेतलेली ही स्मरणिकासुद्धा त्याच परंपरेतले एक लहानसे पान आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. पत्रकार वस्तीत आला तर त्याला मानाने बसवा, जे घरात शिजले असेल तेच वाढा, उसने आणून थाट करू नका. बोलताना नुसत्या हवेच्या गप्पा मारू नका. धानाचा भाव काय मिळाला, बिडीची मजुरी किती पडते, शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यापासून अडली, हे तारीख आणि आकड्यांसह सांगा. शक्य तर कागदावर लिहूनच द्या. बायकांना आणि मुलींना बोलू द्या, त्यांना फक्त वाढण्यापुरते उभे ठेवू नका. काय छापून आले ते विहारात सगळ्यांसमोर वाचा. चुकीचे आले, अर्धे आले, तर शिव्या न देता पत्र लिहा आणि सह्या करा. चांगले आले तर त्याचीही पोच द्या, कारण चांगल्या पत्रकारालाही आधार लागतोच. विहाराच्या वाचनालयात कात्रणांची एक फाइल ठेवण्याची सूचना आम्ही समितीपुढे मांडत आहोत. महिला मंडळाचे ते पत्र त्या फाइलीतले पहिले कात्रण व्हावे.

आपल्या आजोबांना पंगतीबाहेर बसविले गेले होते. आज कोणी मोठा माणूस आपल्या पंगतीत येऊन बसतो, हा बदल लहान नाही, तो लढून मिळविलेला आहे. पण शिष्यवृत्तीचे पत्र लिहायला बसलेल्या आमच्या भगिनींनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. लिहिता-वाचता येणारी प्रत्येक मुलगी आणि प्रत्येक मुलगा हे पाऊल टाकू शकतो. उद्यापासून ते टाकावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!